झऱ्याची ओंजळ

"उठा हो आत्याबाई, लोक बघायला लागलेत!"

"बघू देत की. म्या काय कुणाचं खाल्लंय? बसलीय नुसती."

माझी सासू कंपनीच्या पायपावर बसली होती. निळा, मांडीएवढा जाड पायप. उंबराच्या झऱ्यापासून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर न्यायचा म्हणून सकाळीच ट्रकमधून उतरवलेला. त्यावर ही बाई पदर खोचून, एका बोटानं मिश्री घासत अशी निवांत बसली होती, की जणू तो पायप तिच्या माहेरहून आला होता. कामावरची माणसं कमरेवर हात ठेवून उभी. आणि तिच्यासमोर मी, डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, अंगात कंपनीचं जाकीट. सून म्हणून हात जोडावेत की कंपनीची बाई म्हणून दटावावं, तेच मला कळेना.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. धोंडाबाई तिचं नाव. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नावात काय असतं!

आमचं कारवंडी पाटणच्या वर, सड्याच्या कडेला. चार महिने गाव ढगात असतं. पाऊस इतका, की चुलीजवळ ठेवलेली लाकडंसुद्धा ओली राहतात. पण वर सगळा जांभा दगड, त्याला पाणी धरून ठेवायची अक्कल नाही. सगळं वाहून खाली कोयनेला जातं, आणि शिमगा सरला की आमच्या बायका हंडे घेऊन उंबराच्या झऱ्यावर रांगेत उभ्या. बारा महिने फुकट मिळतो तो फक्त वारा. त्या वाऱ्यासाठी पवनचक्क्या आल्या. वीज तारांवरून खाली निघून गेली आणि आम्हाला राहिला तो पात्यांचा आवाज.

मग ही नवी कंपनी आली. वाऱ्याची वीज खाली पाठवण्याऐवजी इथंच पाण्यात सोडायची, पाण्यातले दोन वायू वेगळे करायचे. एक हवेत सोडून द्यायचा आणि दुसरा, हायड्रोजन, टाक्यांत भरून पोलादाच्या नि खताच्या कारखान्यांना द्यायचा. कोळसा जाळायला नको, धूर नको. गावानं त्या यंत्राचं बारसंसुद्धा करून टाकलं होतं. पाणफोड्या.

मी कराडहून डिप्लोमा केलेला, म्हणून मला पहिल्याच झटक्यात घेतलं. पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. माझा नवरा दिनकर तेव्हा जैसलमेरला पवनचक्क्यांवर चढायचं काम करायचा. गणपतीला यायचा आणि होळीला यायचा. आमची सोनी त्याला बघितलं की आधी माझ्यामागं लपायची, मग दोन दिवसांनी त्याच्या मांडीवर बसायची, आणि तेवढ्यात त्याची जायची वेळ व्हायची. कंपनीच्या उपळेकर साहेबांनी शब्द दिला होता, "प्रकल्प इथं उभा राहिला की पहिला माणूस दिनकर." मला दुसरं काही नको होतं.

आणि त्याच दिनकरची आई पायपावर बसली होती.

उपळेकर साहेब आले. पुण्याचे, उंच, काटकुळे, साठीला टेकलेले. त्यांच्या जीपमध्ये कायम एक केरसुणी असायची. ती कशाला, ते पुढं येईलच. त्यांनी आधी चपला काढल्या, मग आत्याबाईंना नमस्कार केला. हे मला आवडलं.

"आजी, काय अडचण आहे? तुमच्या प्यायच्या पाण्याला आम्ही हात लावणार नाही. पावसाळ्यात कुंड भरून खाली वाहून जातं तेवढंच घेणार."

"घ्या की. न्हाय कोण म्हणतंय?"

"मग?"

"परत कधी देनार?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं, कारण मला कळलं होतं.

आमच्या झऱ्याची एक रीत आहे. हंडा भरला की उचलायच्या आधी त्यातलं ओंजळभर पाणी परत कुंडात सोडायचं आणि म्हणायचं, "तुझं तुला." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला झऱ्यावर नेलं, तेव्हा मी फस्सकन हसले होते. एवढी मरमर करून भरायचं आणि परत ओतायचं? आत्याबाईंनी माझ्या हातातला हंडा घेतला, सगळा रिकामा केला आणि म्हणाल्या, "भर आता परत." तेव्हापासून मी हसले नाही. गावात झऱ्याचा मान आमच्या घराचा. कोरडा पडला तर पहिला नारळ आमचा, साफ करायचा तर पहिली पाटी आमची. त्यामुळं आत्याबाई हो म्हणाल्याशिवाय गाव हो म्हणणार नव्हतं.

साहेबांना मी रीत सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. "ओंजळभरच ना! अहो, मी रोज टँकरभर पाणी आणून सोडतो कुंडात."

"कुटलं?"

"खालून, नदीचं."

"मला नदीचं काय करायचंय? आमच्या झऱ्याचं नेनार, तर आमचंच परत पाहिजे. नेलेलं त्येच."

"आजी, त्याचा वायू होतो. तो कारखान्यात जळला की त्याची पुन्हा वाफ होते. म्हणजे पाणीच. ते आभाळात जातं आणि पावसातून परत येतं."

गर्दीतून किसनतात्या खिंकाळला. तो आमचा चुलत सासरा, गावातल्या प्रत्येक कामात पहिली खोड काढणारा. "वा सायेब! म्हंजे आमचं पानी न्यायचं आन आभाळाकडं बोट दावायचं. ह्ये आमाला बी जमतंय की!"

सगळे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

"आभाळातनं येतंय ते आभाळाचं," त्या म्हणाल्या. "दिलं का न्हाय, ते त्याला म्हाईत. मला हातात पाहिजे. ओंजळभर."

साहेबांनी जीपमध्ये बसता बसता मला हळूच सांगितलं, "मालाताई, महिनाअखेरीला वरचे लोक येतायत. तोवर पाण्याचं ठरलं नाही, तर सगळं समुद्रकाठी हलवतील. तिकडं जागा तयार आहे." मी जीपचं दार लावून दिलं. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढं भडकले. एरवी आत्याबाईंपुढं माझा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला.

"तुमचाच लेक घरी येणार आहे ना? का माझा एकटीचा आहे तो?"

"माझाच हाय."

"मग तुम्हाला तो नको आहे का? सोनी त्याला काका म्हणाली मागच्या होळीला. काका! ऐकलंत ना तुम्ही?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "ऐकलं. त्या दिशी मला जेवान ग्वाड लागलं न्हाय."

"मग?"

"ह्या पवनचक्क्या आल्या तवा त्याच्या आज्यानं सह्या क्येल्या. म्हनला, वारा काय, आपला थोडाच हाय? पोरं कामाला लागतील. वारा बी ग्येला आन त्या वाऱ्यामागं पोरगं बी ग्येलं." त्यांनी भाकरी तव्यात टाकली. "आता पानी मागत्यात. देते की. पन ह्या टायमाला नुसतं जाताना न्हाय बघायचं मला. परत येताना बघायचं हाय."

मी भाताचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब ओघळून परत भातात पडले. हे मी जन्मभर पाहत आलेले. पण त्या दिवशी माझा हात तिथंच थांबला. वाफ थंड झाकणाला लागते आणि तिचं पाणी होतं. मग जळालेल्या हायड्रोजनची वाफ थंड भांड्याला लागली तर?

"काय झालं गं? भाजलं का?"

"नाही, आत्याबाई. जमलं तर सांगते."

उपळेकर साहेब आधी नाही म्हणाले. मग नाकावर चष्मा चढवून कागदावर आकडेमोड करायला लागले. मग म्हणाले, "लहान जाळ ठेवायचा. मोकळी जागा, पण वारा लागता कामा नये. आणि माझ्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही." आमच्याकडं शिकायला म्हणून कपाटाएवढा एक पाणफोड्या आलेला होता, पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडला होता. त्याला लागणार होतं दोन हंडे पाणी.

"टँकरचं चालेल," साहेब म्हणाले.

"नाही चालणार. त्या विचारतील."

"त्यांना कसं कळणार?"

"साहेब, त्या विचारतील आणि मला सांगावं लागेल."

गुरुवारी तांबडं फुटायच्या आत मी झऱ्यावर गेले. आमच्या घराच्या वाट्याचे दोन हंडे भरले. उन्हाळ्यात घरटी तेवढेच मिळायचे. रीतीप्रमाणं ओंजळ सोडायला हात घातला आणि काढून घेतला. आज सोडली, तर मग त्या जाळातून काय आणून देणार? मी कुंडाकडं पाहून हळूच म्हणाले, "उधार." आणि हंडे घेऊन सड्याची वाट धरली. आजूबाजूला कुणी नव्हतं. निदान मला तरी दिसलं नाही.

शेडमध्ये साहेब आणि मी दिवसभर यंत्राशी झटत होतो. पाणी आधी गाळायचं, इतकं निर्मळ करायचं की त्यात दगड-मातीचा अंशही राहू नये. मग वीज सोडायची. बाहेर पवनचक्की फिरत होती, तिचीच तार आत आली होती. काचेच्या नळीतून मला दिसलं, पाण्यातून बारीक बारीक बुडबुडे उठायला लागले. आवाज नाही, वास नाही, धग नाही. सकाळी मी डोक्यावरून आणलेलं पाणी. मानेला अजून त्याचा भार जाणवत होता, आणि समोर ते हवा होत होतं. मी त्या नळीसमोरून हलले नाही. साहेब तीस वर्षं हे काम करत होते, पण तेही माझ्याशेजारी उकिडवे बसून बघत राहिले.

"सवय नाही होत हो," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर रांजणात तळाला तांब्याभर पाणी. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आज आंघोळ केली नाहीत?"

"आंग दुखतंय," त्या म्हणाल्या. पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. तिथं तीन बाजूंनी भिंत, वाऱ्याचा त्रास नाही. ऊन मात्र डोळे दिपवणारं. साहेबांनी एक लोखंडी तिवई ठेवली, तिच्यावर मी आमचाच पितळी हंडा ठेवला, घासून लख्ख केलेला, झऱ्याच्या थंड पाण्यानं काठोकाठ भरलेला. हंड्याखाली एक तांब्या. बाजूला पातळ नळी, तिचं तोंड तिरकं वर, हंड्याच्या पोटाकडं. लांब भिंतीपाशी गुरुवारी यंत्रातून भरून घेतलेल्या वायूची टाकी. सरपंचांनी नारळ आणि हळदकुंकू आणलं होतं, ते बाकावर मांडलं. आणि साहेबांनी येऊन आपली केरसुणी नेमकी त्या नारळाशेजारी ठेवली.

एकदम कुजबुज उठली. शेजारची शकूवहिनी तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "अगं बया! देवाच्या नारळाजवळ केरसुणी?"

मी धावत जाऊन ती उचलली. साहेब गोंधळले. "अहो, ती लागणार आहे मला."

"हातात धरा. पण तिथं नको."

त्यांनी नळीची चावी उघडली, लांब दांड्याचा लायटर पुढं केला. फट् असा आवाज झाला. बस, तेवढंच.

सगळे मान पुढं काढून बघत होते. दिसत काहीच नव्हतं. नळी, हंडा आणि मधली हवा. ना जाळ, ना धूर, ना उजेड.

"पेटलं का?" सरपंचांनी विचारलं.

"पेटलंय," साहेब म्हणाले.

"कुटं?" किसनतात्या उभा राहिला. "आरं कुटं पेटलंय? आमाला काय आंधळं समजला का? शेरात असली नाटकं चालत असतील!" आणि बोलता बोलता तो तरातरा पुढं आला, "हे बघा रं, काय बी न्हाय हितं," म्हणत त्यानं हात लांबवला.

"मागं!" साहेब ओरडले. मी त्यांना तसं ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी केरसुणी किसनतात्याचा हात आणि नळी यांच्या मध्ये घातली.

रिकाम्या हवेत केरसुणीनं भस्सकन पेट घेतला.

काही नव्हतं तिथं. आम्ही सगळे बघत होतो, भर उन्हात, उघड्या डोळ्यांनी. आणि त्या काहीच नसलेल्या जागेत केरसुणीचं टोक पिवळ्या जाळानं तडतड जळत होतं. किसनतात्या मागच्या मागं बसला. एका बाईच्या तोंडून किंचाळी निघाली. साहेबांनी केरसुणी जमिनीवर आपटून विझवली.

"हायड्रोजनचा जाळ उन्हात दिसत नाही," ते धापा टाकत म्हणाले. "जाळ ओळखणारं मीटर बंद पडू शकतं. केरसुणी कधी बंद पडत नाही. म्हणून मी बरोबर बाळगतो. पुढं धरून चालायची. तिनं पेट घेतला की थांबायचं."

पण कुणी ऐकत नव्हतं. बायका उठायला लागल्या होत्या. "लक्ष्मी जाळली!" कुणीतरी म्हणालं. दिवाळीला जिची पूजा करतो, जिला पाय लागला तर नमस्कार करतो, ती केरसुणी गावासमोर अर्धी जळून काळी पडली होती. "इपरीत हाय ह्ये. न दिसनारा जाळ कुनी बघितलाय का आजवर? नको बाबा आपल्याला." सरपंचांनी हळूच नारळ उचलला. मी दिनकरचा विचार केला. आता जातंय सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. सगळ्यांच्या मधून चालत पुढं आल्या, वाकून जळकी केरसुणी उचलली, तिची राख झटकली, कपाळाला लावली आणि काखेत धरली.

"बसा खाली," त्या गावाला म्हणाल्या. "केरसुनी जळली न्हवं? म्हंजे जाळ हाय. सायेब खोटं बोलला न्हाय. आन किसन, तुझा हात शाबूत हाय तो हिच्यामुळं. लक्षुमीनं न्हाय तर कुनी वाचवायचं?" मग माझ्याकडं वळल्या. "आता फुडं काय?"

"आता थांबायचं, आत्याबाई."

आम्ही थांबलो. त्या न दिसणाऱ्या जाळाचा फक्त बारीक फुसफुस आवाज येत होता. आधी हंड्याच्या पोटावर धुकं धरलं. मग त्या धुक्याचे मणी झाले. एक मणी दुसऱ्याला मिळाला, जड झाला, पितळेवरून घरंगळत बुडाशी गेला, लोंबकळला.

टप्.

तांब्यात थेंब पडला.

दुसरा पडला. तिसरा पडला. मग सुरूच झाले. हंड्याला जाळ लागलाय आणि त्यातून पाणी गळतंय! शाळेत मी हे पुस्तकात वाचलं होतं, समीकरण पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मला थांबवता येईना. सरपंचांनी नारळ परत बाकावर ठेवला.

शकूवहिनी वाकून हंड्याकडं बघत होती. एकदम म्हणाली, "अगं बायांनो, काजळी बघा! काजळी न्हाय धरली!"

खरंच नव्हती. रोज चुलीवरची भांडी राखेनं घासून ज्यांच्या हाताची कातडी गेली होती, त्या सगळ्या बाया साहेबांच्या परवानगीनं एकेक करून लांबून बघून गेल्या. जाळ लागूनही हंडा आरशासारखा पिवळाधमक. माझ्या मते गावाचा कौल पाण्यानं नाही, त्या नसलेल्या काजळीनंच फिरवला.

तांब्यात ओंजळभर पाणी जमलं तेव्हा साहेबांनी चावी बंद केली. आत्याबाईंनी तांब्या उचलला. बोट बुडवून जिभेला लावलं.

"अळणी हाय."

मी घाईनं पुढं झाले. "गाळलेलं असतं ना, आत्याबाई. दगडाची चव निघून जाते."

"कुटलं हाय ह्ये पानी?"

सगळं गाव ऐकत होतं.

"आपल्या झऱ्याचं," मी म्हणाले. "गुरुवारी नेलेलं."

"शपत?"

"सोनीची शपथ."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "झऱ्यात ग्येलं की ईल चव परत," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. गाव त्यांच्यामागं निघालं. पुढं एका हातात तांब्या, काखेत जळकी केरसुणी घेऊन माझी सासू, मागं अनवाणी उपळेकर साहेब, त्यांच्यामागं सगळे. किसनतात्यासुद्धा.

आज सड्यावर गेलात तर पाणफोड्यांच्या रांगाच्या रांगा दिसतील. पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं मोठं तळं दिसेल. ती गावाची अट होती, आणि झऱ्याचं ओसंडून जाणारं तेवढंच घ्यायचं, ही दुसरी. बाहेरून पाहुणे येतात, टोप्या घालून फोटो काढतात. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला जो कुणी तिथला मोठा साहेब असेल त्याला शाळेच्या पटांगणात तिवईपाशी उभं राहावं लागतं, तांब्या भरेपर्यंत. काही कुरकुरतात. पण पहिला थेंब पडला की तेही गप्प होतात. आणि आमच्या देव्हाऱ्याखाली ती अर्धी जळलेली केरसुणी अजून आहे. दिवाळीला नवी आणतो, पण हळदकुंकू आधी तिला.

पण त्या दिवशी हे काही मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्ही उंबराखाली पोचलो, आणि रीतीप्रमाणं मी दोन पावलं मागं सरले. झऱ्याचा मान आत्याबाईंचा.

"मागं कशाला सरतीस? हो फुडं."

"मान तुमचा आहे, आत्याबाई."

"मान माझाच हाय. पर उधारी तुझी हाय."

"माझी?"

"बेस्तरवारी तू दोन हंडं नेलंस आन ओंजळ सोडली न्हाईस," त्या सावकाश म्हणाल्या. "म्या ह्या उंबरामागंच हुते. हंडं सड्याच्या वाटंला लागल्यालं बगितलं मी."

"तुम्ही... मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय? तू उधार म्हनलीस. उधार म्हनलेलं मानूस परत करतंय का न्हाय, ते बघायचं हुतं मला."

"आणि अंग दुखत होतं म्हणालात ते?"

"रांजनात पानी असतं तर क्येलीच असती की आंगूळ!"

मला हसूही आलं आणि हुंदकाही. त्यांनी माझे दोन्ही हात पुढं ओढले, एकाला एक जोडले आणि तांब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. ते अजून कोमट होतं. तीन दिवसांपूर्वी ते या कुंडात होतं, माझ्या डोक्यावर होतं, मग हवा झालं होतं, मग जाळ झालं होतं, आणि आता माझ्या हातात होतं. मी गुडघ्यावर बसले. मला शब्द फुटेना. आत्याबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकल्या आणि माझ्याऐवजी त्यांनीच म्हटलं.

"तुझं तुला."

मी ओंजळ सोडली. पाणी पाण्यात मिळालं. क्षणभर एक वर्तुळ उठलं, कुंडाच्या काठाला लागलं आणि नाहीसं झालं.

आत्याबाई उठल्या, पदरानं हात पुसले, आणि उपळेकर साहेबांकडं बघून म्हणाल्या, "टाका आता तुमचा पायप." मग माझ्याकडं वळल्या. पण नजर झऱ्याकडंच ठेवली, माझ्याकडं बघायचं टाळलं.

"आन त्याला फोन लाव, माले. म्हनावं, आईनं बोलीवलंय. ये म्हनावं घरी."